त्वरकाची गोफण आणि हिंगोलीचा रुग्ण

११ मे २०२३ रोजी राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनानिमित्त नवी दिल्लीत एक समारंभ झाला. त्यात पंतप्रधानांच्या हस्ते ज्या प्रकल्पांचे उपचार पार पडले, त्यांपैकी दोन महाराष्ट्रातील वाचकाने एकत्र लक्षात ठेवावेत असे आहेत. पहिला, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात उभारावयाच्या 'लायगो-इंडिया' या गुरुत्वलहरींच्या वेधशाळेची पायाभरणी. दुसरा, नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राने उभारलेल्या राष्ट्रीय हॅड्रॉन किरणोपचार केंद्राचे लोकार्पण. मराठवाड्यात स्वाभाविकच पहिल्या प्रकल्पाचे अप्रूप अधिक. दुसरा मुंबईचा, डॉक्टरमंडळींचा, आपला त्याच्याशी संबंध तो काय, अशीच सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुतः हिंगोलीच्या सामान्य माणसाच्या सुखदुःखाशी या दुसऱ्या केंद्रातील यंत्राचा आणि त्याच्या धाकट्या भावंडांचा संबंध फार निकटचा आहे. एवढेच नव्हे, तर हे दोन्ही प्रकल्प ज्या कारागिरीवर उभे आहेत तीही बऱ्याच अंशी एकच आहे. या दोहोंची सांगड घालण्याचा विचार आपण आजच केला नाही, तर औंढ्याच्या माळावर जगातील एक अद्वितीय प्रयोगशाळा उभी राहील आणि तिच्या सावलीतला रुग्ण मात्र पूर्वीप्रमाणेच मुंबईची वाट धरील.

खारघरच्या केंद्राच्या मुळाशी जे यंत्र आहे त्याला त्वरक म्हणतात. विद्युत्भार असलेल्या कणाला विद्युत्क्षेत्राने रेटावयाचे आणि चुंबकीय क्षेत्राने वळवावयाचे, एवढेच त्याचे काम. बारावीच्या विद्यार्थ्याला यातील दोन्ही नियम पाठ असतात. परंतु त्यांतील एक मर्म पुष्कळदा निसटते. चुंबकीय क्षेत्र कणाचा वेग तिळमात्र वाढवीत नाही. ते नेहमी गतीच्या काटकोनात ओढते, म्हणून कणाची दिशा तेवढी बदलते. वेग वाढविण्याचे काम एकट्या विद्युत्क्षेत्राचे. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार डोळ्यांपुढे आणावा. दोर दगडाला वर्तुळात धरून ठेवतो, पण दगडाला जोर येतो तो प्रत्येक फेऱ्याला मिळणाऱ्या हाताच्या झटक्याने. त्वरकात दोराचे काम चुंबक करतो आणि झटका देतो तो विद्युत्दाब.

आता प्रश्न असा की, झटका केवढा द्यावयाचा? सर्वांत सरळ उपाय म्हणजे प्रचंड दाब निर्माण करून कणाला एकदाच ढकलून द्यावे. १९३२ साली केंब्रिज येथे कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या दोघांनी असेच केले. काही लाख व्होल्टचा दाब उभारून त्यांनी प्रोटॉन लिथियमवर आदळविले आणि मानवनिर्मित यंत्राने वेग दिलेल्या कणांनी अणुकेंद्र प्रथमच फोडून दाखविले. परंतु दाब जसजसा वाढवावा तसतशी ठिणगी उडून तो हवेत वाहून जाऊ लागतो. या मार्गाला शेवट आहे. अमेरिकेतील अर्नेस्ट लॉरेन्स यांनी यावर जी तोड काढली ती गोफणीचीच. एका मोठ्या झटक्याऐवजी अनेक लहान झटके द्यावेत. कणाला चुंबकाने वर्तुळात फिरवावे आणि दर अर्ध्या फेऱ्याला दाबाची दिशा उलटवून त्याला पुन्हा पुन्हा पुढे रेटावे. नागपंचमीच्या झोक्याला प्रत्येक हेलकाव्यास अचूक वेळी दिलेला हलका धक्का झोका किती उंच नेतो हे कोणत्याही सासुरवाशिणीला ठाऊक आहे. १९३१ च्या प्रारंभी लॉरेन्स यांच्या तळहाताएवढ्या सायक्लोट्रॉनने दोन हजारांहून कमी व्होल्टच्या दाबावर कणांना ८० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा मिळवून दिली. पुढील सर्व मोठे त्वरक याच युक्तीचे वंशज होत. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यातील यंत्रही त्याला अपवाद नाही.

पोकळीची किंमत

विद्युत् आणि चुंबक यांच्याखेरीज त्वरकाला तिसरी एक गोष्ट लागते, आणि तिची वाच्यता क्वचितच होते. ती म्हणजे पोकळी. ज्या नळीतून कण धावावयाचे तिच्यात हवा राहिली तर हवेच्या रेणूंवर आपटून कणांचा प्रवास आरंभीच संपतो. म्हणून नळीतील हवा उपसून जवळजवळ पूर्ण निर्वात निर्माण करावा लागतो. हे बोलण्यास सोपे, करण्यास महाकठीण. नळीच्या प्रत्येक सांध्यातून, वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यातून, एवढेच काय पण धातूच्या पृष्ठभागालाच चिकटून बसलेल्या बाष्पातून हवा आणि वाफ आत झिरपू पाहतात. नळी तापवून ती बाष्पे घालवावी लागतात आणि हेलियम वायू सोडून सूक्ष्मातिसूक्ष्म गळती शोधावी लागते.

भारताने ही किंमत फार पूर्वी मोजली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेघनाद साहा यांनी कोलकात्यात सायक्लोट्रॉन उभारण्याचे मनावर घेतले. त्यांचे शिष्य बी. डी. नागचौधुरी खुद्द लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेत ही विद्या शिकून आले. चुंबकाचे साहित्य आले, परंतु निर्वात पंप घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले. त्या काळी आपल्या देशात त्या प्रतीचे पंप तयार होत नव्हते. परिणामी तो सायक्लोट्रॉन कित्येक वर्षे रेंगाळला. विद्वत्ता होती, जिद्द होती, सिद्धान्त तोंडपाठ होता. अडले ते पंपापाशी, अर्थात कारागिरीपाशी. हा धडा विसरण्यासारखा नाही.

पुढील काळात आपण तो बऱ्यापैकी गिरविला, हेही सांगितले पाहिजे. कोलकात्यातच १९७७ साली बदलत्या ऊर्जेचा मोठा सायक्लोट्रॉन कार्यान्वित झाला. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने १९८८ साली पेलेट्रॉन सुरू झाला. या यंत्रात धातूच्या गोळ्यांची साखळी रहाटासारखी फिरत राहते आणि वरच्या टोकाला विद्युत्भार वाहून नेते. तेथे १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत दाब साठविता येईल अशी त्याची आखणी आहे. ऋणभारित कण या धनभाराकडे खेचले जातात, तेथे पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन सोलून निघतात, आणि तेच कण आता धनभारित झाल्याने पुन्हा दूर लोटले जातात. एकाच दाबाचा असा दुहेरी लाभ! इंदूर येथे १९८४ साली पायाभरणी झालेल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राला आज राजा रामण्णा यांचे नाव आहे. तेथील 'इंडस-२' हे वलय इलेक्ट्रॉनांना २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेते. जिनिव्हाच्या बोगद्यातील सुमारे ३० टन वजनाचे चुंबक केसाच्या जाडीइतक्या अचूकतेने सरकवून बसविण्यासाठी जे सुमारे सात हजार आधार-जॅक लागले, तेही याच केंद्राच्या देखरेखीखाली भारतीय कारखान्यांत तयार झाले.

आता हिंगोलीकडे वळू. लायगो हा त्वरक नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तेथे कण धावणार नाहीत, लेसरचा प्रकाश धावेल. परंतु काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजांमधून तो प्रकाश ज्या नळ्यांतून जावयाचा, त्यांत वातावरणाच्या दाबाच्या एक लाख-कोटीव्या हिश्शाइतकाच दाब शिल्लक ठेवावयाचा आहे. माणूस वाकून आत चालू शकेल एवढ्या व्यासाची, एकूण आठ किलोमीटर लांबीची, इतकी निखळ पोकळी! केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिलेल्या या प्रकल्पाची जबाबदारी पुण्याचे 'आयुका', गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा यांच्याबरोबरच ज्या चौथ्या संस्थेवर आहे, ती इंदूरची त्वरक घडविणारी संस्थाच आहे. हा योगायोग नव्हे. पोकळी राखणे, सूक्ष्म कंप ओळखणे, अचूक विद्युत्पुरवठा करणे ही त्वरकाची विद्या आहे. ती विद्या औंढा तालुक्यात मुक्कामाला येत आहे.

रुग्णाचा प्रवास

ही विद्या रुग्णाच्या उपयोगी कशी पडते? कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि औषधे यांच्या जोडीला किरणोपचार हा तिसरा मोठा आधार आहे. त्यासाठी आज जगभर प्रामुख्याने वापरले जाणारे यंत्र म्हणजे रेषीय त्वरक होय. रुग्णालयाच्या भाषेत त्याला 'लिनॅक' म्हणतात. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीत ज्या जातीच्या सूक्ष्मलहरी असतात, त्याच जातीच्या पण कितीतरी शक्तिमान लहरी एका तांब्याच्या नळीत सोडतात. त्यांच्या विद्युत्क्षेत्रावर आरूढ झालेले इलेक्ट्रॉन अगदी थोड्या अंतरात ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा मिळवितात, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्क्यांहून अधिक वेग गाठतात. ते टंगस्टनवर आदळले की तीव्र क्ष-किरण निघतात, आणि त्यांना आकार देऊन गाठीवर रोखता येते. १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अशा यंत्राने रुग्णावर प्रथम उपचार झाले.

हे यंत्र आपल्याकडे तयार होऊ शकत नाही असेही नाही. पवईला आयआयटीच्या आवारात असलेल्या 'समीर' या शासकीय संस्थेने 'सिद्धार्थ' नावाचा देशी रेषीय त्वरक घडविला आणि तो ज्या रुग्णालयांत बसविण्यात आला त्यांत सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. गांधीजींच्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर, खेड्यातील रुग्णांसाठी, देशातच बनविलेला त्वरक चालावा, यापेक्षा बोलका दाखला कोणता हवा?

खारघरचे यंत्र या मालिकेतील पुढची पायरी आहे. तेथील सायक्लोट्रॉन प्रोटॉनांना २३ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ६० टक्के वेगापर्यंत नेतो. क्ष-किरण शरीरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत वाटेत सर्वत्र ऊर्जा सांडत जातात. प्रोटॉन मात्र आपली बहुतांश ऊर्जा थांबण्याच्या अगदी आधी खर्च करतो आणि तेथेच विसावतो. वेग नेमका ठरविला की थांबण्याची जागाही नेमकी ठरते. लहान मुलांच्या किंवा मेंदूलगतच्या गाठींसाठी हा गुण अमोल आहे. तथापि हे उपचार अतिशय खर्चिक आहेत आणि ते निवडक रुग्णांनाच आवश्यक असतात. बहुसंख्य रुग्णांचे काम साध्या लिनॅकवर उत्तम भागते.

येथेच अंतराचा प्रश्न उभा राहतो. शस्त्रक्रिया एकदा होते. किरणोपचार मात्र आठवड्यातून पाच दिवस, तीन ते सात आठवडे, रोज घ्यावे लागतात. यंत्राखाली झोपणे काही मिनिटांचेच असते, परंतु त्या काही मिनिटांसाठी रुग्णाला आणि त्याच्याबरोबरच्या माणसाला परगावी बिऱ्हाड करावे लागते. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय हिंगोलीपासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर, आणि परळचे टाटा रुग्णालय तर रात्रभराच्या प्रवासावर. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांनी अशा रुग्णांना छप्पर दिले, हे त्यांचे ऋण मोठेच. परंतु ऐन पेरणीच्या दिवसांत दीड महिना शेत सोडून राहणे कोरडवाहू शेतकऱ्याला कसे परवडावे? उपचार मोफत असला तरी बुडालेली मजुरी आणि गावी राहिलेली गुरे यांचा हिशेब कोणत्याही योजनेत धरलेला नसतो. अर्ध्यावर सोडलेला किरणोपचार हा पुष्कळदा न केलेल्या उपचारासारखाच ठरतो. म्हणून त्वरक रुग्णाच्या किती जवळ आहे याला वैद्यकीय महत्त्व आहे, तो केवळ सोयीचा प्रश्न नव्हे.

हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले असून ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील इतर नऊ महाविद्यालयांसह त्याचा शुभारंभ झाला. या महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा विस्तार आखताना किरणोपचार विभाग आणि त्यात एक रेषीय त्वरक यांची तरतूद प्रारंभापासूनच असावी, अशी मागणी जिल्ह्याने आग्रहाने केली पाहिजे. जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली मागाहून बांधणे सोपे नसते. तिची जागा नकाशातच राखावी लागते.

यंत्र आधी की माणूस?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, जेथे विजेचा भरवसा नाही तेथे जुने कोबाल्टचे यंत्रच बरे. या म्हणण्यात तथ्य आहे. कोबाल्टचे किरण विजेवर अवलंबून नसतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडविलेले 'भाभाट्रॉन' हे कोबाल्टचे यंत्र देशभर चांगली सेवा देत आहे. परंतु कोबाल्टची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते, उपचाराचा वेळ लांबत जातो आणि कालांतराने किरणोत्सर्गी स्रोत बदलावा लागतो. त्वरकाचे तसे नाही. वीज बंद केली की किरण बंद. विजेची अडचण खरी असली तरी ती पर्यायी पुरवठ्याने सोडविता येण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला पूर्णतः मान्य आहे. यंत्र येईल, पण ते चालविणार कोण? किरणोपचारतज्ज्ञ डॉक्टर हवा. त्याच्याबरोबर मात्रेचे गणित करणारा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ हवा, प्रशिक्षित तंत्रज्ञ हवेत, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारीही हवा. शिवाय पंप बिघडला, थंड पाण्याचा प्रवाह अडला, विद्युत्पुरवठ्यात दोष आला, तर तो त्याच दिवशी ओळखणारा माणूस हवा. कोट्यवधींचे यंत्र आले, फीत कापली गेली, आणि पद मंजूर नाही म्हणून ते आच्छादनाखाली पडून राहिले, अशा कथा आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत अपरिचित नाहीत. यंत्र पैशाने आणता येते. माणूस घडवावाच लागतो, आणि त्याला वर्षे लागतात. कोलकात्याचा सायक्लोट्रॉन पंपापाशी अडला. आमचा त्वरक पंप दुरुस्त करणाऱ्यापाशी अडू नये.

म्हणूनच लायगोची सांगड येथे घालावयास हवी. औंढ्याच्या प्रकल्पावर निर्वात तंत्र, काटेकोर वेल्डिंग, गळतीचा शोध, इलेक्ट्रॉनिकी आणि शीतनाची कामे वर्षानुवर्षे चालतील. जिल्ह्यातील तंत्रनिकेतने आणि आयटीआय यांतील विद्यार्थ्यांना तेथे रीतसर शिकाऊ उमेदवारी मिळाली, तर दहा वर्षांत या भागात अशा कारागिरांची एक पिढी तयार होईल. तिचे हात लायगोला लागतील तसेच रुग्णालयातील त्वरकालाही लागतील. वसमतच्या बाजारात उलाढाल होणाऱ्या हळदीलाही ते उद्या उपयोगी पडतील. वाशी येथे २००० सालापासून मसाल्याचे पदार्थ कोबाल्टच्या किरणांनी जंतुमुक्त केले जातात, आणि हेच काम त्वरकातील इलेक्ट्रॉनांच्या झोताने करता येते. खाद्यपदार्थांसाठी त्या झोताला १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टची मर्यादा घालून दिलेली आहे, त्यामुळे माल स्वतः किरणोत्सर्गी होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

उरते ते शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत थॉमसनच्या पद्धतीने इलेक्ट्रॉनचा भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर काढण्याचा प्रयोग आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. नळीच्या पडद्यावरचा ठिपका पट्टीचुंबक जवळ आणला की सरकतो, विद्युत्दाब दिला की परत जागेवर येतो. विद्यार्थी आकडे वहीत उतरवितो, सही घेतो आणि विसरून जातो. त्या ठिपक्याकडे बोट दाखवून शिक्षकाने दोन वाक्ये अधिक बोलावीत: हीच युक्ती मोठी केली की त्वरक होतो, आणि त्याने माणसाचा जीव वाचतो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राचा किरण-भौतिकीचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण करून वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होता येते, हेही सांगावे. स्पर्धा परीक्षांच्या रांगेत उमेदीची वर्षे घालविणाऱ्या आमच्या किती मुलांना ही वाट ठाऊक आहे?

मराठवाड्याने अनुशेषाच्या नावाने आजवर रस्ते मागितले, पाणी मागितले, रेल्वे मागितली. त्या मागण्या रास्तच होत्या आणि त्यांतील कित्येक अद्याप अपुऱ्या आहेत. आता त्या यादीत एक त्वरक घालावा. मात्र मागणीच्या अर्जावर यंत्राच्या किमतीच्या आधी ते चालविणाऱ्या माणसांची पदे लिहावीत, आणि ती भरण्याजोगी मुले घडविण्याचे काम मंजुरीची वाट न पाहता आजच हाती घ्यावे. गोफण कितीही उत्तम असो, ती फिरविणारा हात माळ्यावर नसेल तर पीक राखले जात नाही.